धंद्यात नवीन सुचायला काय वाचायचं, कसं वाचायचं

आमचं भोसरीत कोरोगेटेड बॉक्सचं (पुठ्ठ्याच्या खोक्यांचं) छोटं युनिट आहे, बाबांनी सुरू केलेलं, गेली ९ वर्षं मी बघते. बरेच जण विचारतात की इनोव्हेशन, क्रिएटिव्ह थिंकिंग यावर कुठलं पुस्तक वाचू, आणि मी आधी त्यांनाच विचारते की तुमचं सध्या नेमकं अडलंय कुठे? कारण प्रश्न हातात नसताना ही पुस्तकं वाचली की प्रत्येक पान पटतं आणि पंधरा दिवसांत काही आठवत नाही.

म्हणून आधी एक साधी वही घ्या आणि पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा. "सेल कसा वाढवू" असला मोघम नको, "दिवाळी झाली की तीन महिने आमचं पंचिंग मशीन अर्धा दिवस बंद का असतं" असा पाहिजे, म्हणजे ज्याचं उत्तर शॉपवर, म्हणजे कारखान्यात, जाऊन शोधता येईल असा. पुढची सगळी पुस्तकं या एका प्रश्नासाठी वाचायची.

सुरुवात जेम्स वेब यंगच्या 'अ टेक्निक फॉर प्रोड्युसिंग आयडियाज'पासून करा. यंग जाहिरात क्षेत्रातला माणूस, पुस्तक ८० वर्षांहून जुनं आणि इतकं छोटं की एका बैठकीत संपतं, इंग्रजीही सोपं. तो म्हणतो आयडिया म्हणजे जुन्याच गोष्टींची नवी जोडणी, आणि पायऱ्या पाच: माहिती गोळा करा, ती चघळा, मग विषय पूर्ण सोडून द्या, आयडिया येईल तेव्हा येईल, आणि आली की ती चार लोकांपुढे ठेवून तासून घ्या. लोक पहिली पायरी गाळतात आणि डायरेक्ट आयडियाची वाट बघत बसतात. माहिती म्हणजे नुसती गूगलवरची नाही हं, कस्टमरकडे जाऊन तो आपला बॉक्स उघडतो कसा, मोकळा झाला की टाकतो कुठे, हे बघणं, आणि शिवाय आपल्या धंद्याशी संबंध नसलेलंही काहीबाही वाचत राहणं.

मग पीटर ड्रकरचं 'इनोव्हेशन अँड आंत्रप्रेन्युअरशिप', १९८५ चं. जाड आहे, घाबरू नका, आधी फक्त पहिला भाग वाचा. त्यात नावीन्य सापडायच्या सात जागा सांगितल्यात, आणि पहिली जागा म्हणजे अनपेक्षित यश. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचं उदाहरण आहे, त्यांच्याकडे घरगुती उपकरणं धडाधड खपायला लागली तर मॅनेजमेंटला ते खटकलं, कारण आपला खरा धंदा कपड्यांचा असं डोक्यात पक्कं, म्हणून त्यांनी उपकरणांची विक्रीच आवरायचा प्रयत्न केला, आणि तेव्हा मागे असलेल्या ब्लूमिंगडेल्स या दुसऱ्या स्टोअरने तीच संधी धरून पुढे मजल मारली. हे वाचलं आणि मी तिथेच थांबले, कारण आमच्याकडे एक बेकरीवाले दर महिन्याला थोडेसेच केक बॉक्स मागायचे आणि आम्ही कटकट म्हणून त्यांची ऑर्डर शेवटी लावायचो. जुनी बिलं काढून बसले तेव्हा दिसलं की अशा छोट्या ऑर्डरी मागणारे अकरा जण होते आणि आम्ही कधी त्यांचा एकत्र विचारच केला नव्हता. तुम्हीपण हेच करा, हा भाग वाचून झाला की मागच्या वर्षाची बिलं काढा आणि आपण न मागता काय विकलं गेलं ते वहीत लिहा.

एरिक रीसचं 'द लीन स्टार्टअप' (२०११) त्यानंतर. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी लिहिल्यासारखं वाटतं, पण त्यातली झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीची गोष्ट कुणालाही लागू पडते: माल भरण्याआधी ती सुरू करणाऱ्या माणसाने दुकानातल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले, ऑर्डर आली की दुकानातून विकत घेऊन पाठवायचा, लोक ऑनलाइन बूट घेतात का एवढंच त्याला बघायचं होतं. आम्हीपण नवीन डाय (बॉक्स कापायचा साचा) बनवायच्या आधी वीस केक बॉक्स हाताने कापले आणि त्या लोकांना वापरायला दिले, त्यात झाकणाची घडी चुकीची निघाली, डाय बनवून झाल्यावर कळलं असतं तर पैसे गेले असते.

घरचा धंदा असेल तर एडवर्ड डी बोनोचं 'सिक्स थिंकिंग हॅट्स' नक्की वाचा. पांढरी टोपी आकड्यांची, लाल भावनेची, काळी धोक्यांची, पिवळी फायद्यांची, हिरवी नव्या कल्पनांची, निळी चर्चा चालवायची. महत्त्वाचं हे की एका वेळी सगळ्यांनी एकच टोपी घालायची. आपल्याकडे मोठ्या माणसाने "नाही चालणार" म्हटलं की विषय संपतो, पण आता दहा मिनिटं फक्त फायदेच बोलायचे असं ठरलं की बाबाही बोलतात, आणि काळ्या टोपीच्या वेळी त्यांचा अनुभव सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

क्लेटन ख्रिस्तेन्सेनचं 'द इनोव्हेटर्स डायलेमा' (१९९७) थोडं उशिरा घ्या, आणि लहान उद्योजकाने ते नव्याने शिरणाऱ्याच्या बाजूने वाचावं. भंगार वितळवणाऱ्या छोट्या स्टील मिल आधी बांधकामाच्या सळयांत शिरल्या, त्यात मार्जिन कमी म्हणून मोठ्यांनी ते खुशाल सोडलं, आणि मग छोट्या एकेक पायरी वर चढत गेल्या. तुमच्या लाइनमधले मोठे लोक कुठली ऑर्डर नको म्हणतात, हे वहीत लिहा.

मराठी माणसाने शंतनुराव किर्लोस्करांचं 'कॅक्टस अँड रोझेस' हे आत्मचरित्र वाचावंच असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या वडिलांचा, लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती होती, म्हणजे वस्तू चांगली असूनही विकायला किती दम लागतो ते त्या घराण्याच्या गोष्टीतून कळतं. इंग्रजी जड जात असेल तर अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते यांचं मराठीतलं 'बोर्डरूम' आधी घ्या.

वाचताना एक प्रकरण झालं की पुस्तक मिटायचं, न बघता तीन ओळी लिहायच्या आणि चौथ्या ओळीत या आठवड्यात शॉपवर काय करून बघणार ते. चौथी ओळ सुचली नाही तर तेच प्रकरण परत वाचा, दोनदा वाचूनही नाही सुचली तर ते पुस्तक बाजूला ठेवून पुढचं घ्या.