सिव्हिलला हृदयाची तपासणी करायला निघण्याआधी

सगळ्यात आधी घरातले जुने ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची रेघ उमटलेले कागद, शोधा. कपाटात, गादीखाली, विम्याच्या फायलीत, जिथे असतील तिथून काढा. त्याच दिवशी प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स मारून आणा आणि मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेवर उमटणारा असतो, एसटीच्या मशीनच्या तिकिटासारखा, त्यामुळे काही दिवसांनी रेघ पुसट होत जाते. आमच्या आण्णांचा पहिला ईसीजी जपून राहावा म्हणून मी तो लॅमिनेशनला दिला. यंत्राच्या दुसऱ्या बाजूनं कागद बाहेर आला तो पाटीसारखा काळा होऊन, एक रेघ दिसेना. पुढं आण्णांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "आधीचा ईसीजी आहे का?" रेघेतला बदल आजचा की जुना, हे जुन्या कागदाशेजारी नवा ठेवला की लगेच कळतं. आमच्याकडं ठेवायला कागदच नव्हता.

आम्ही तासगाव तालुक्यातले. सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, दोन्ही आमच्यासाठी सिव्हिलच. आण्णांचं झालं, मग आईचं, मग चुलत्यांचं. आता गावातलं कुणी छातीच्या दुखण्यासाठी निघालं की आदल्या दिवशी माझ्याकडं येऊन बसतं, "काय काय घिऊन जाऊ?" म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

फाईल एकच करा आणि नवा कागद वर, जुना खाली असा लावा. अगदी वर एक कोरा कागद घालून त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: वय, बीपी किती वर्षांपासून, साखर किती वर्षांपासून, तंबाखू किंवा मिश्री आहे का, कोणतं ऑपरेशन झालंय, कोणत्या औषधानं अंगावर उठतं. घरात वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकारानं गेली असेल किंवा त्यांना तो झाला असेल, तर तेही लिहा. ही माहिती विचारल्याशिवाय आपल्या तोंडून निघत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना प्रत्येकाला सगळं विचारायला वेळ मिळत नाही. कागद समोर असला की नजर फिरवली तरी काम होतं.

गोळ्यांची नावं लिहून नेऊ नका, पाकिटंच न्या. "सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी" यावरून कुणाला काही कळत नाही. त्या पिशवीत गुडघ्याच्या दुखण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, काढे, भस्मं, गावातल्या वैद्याची पुडी, सगळं घाला. लाजू नका आणि लपवू नका. दुखणं मारायच्या कितीतरी गोळ्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आईचं बीपी दोन महिने आटोक्यात येत नव्हतं. ती रोज कंबरेसाठी एक गोळी घेत होती, ते पाकीट पिशवी उलटी केल्यावर टेबलावर पडलं तेव्हा समजलं.

योजनेच्या कागदांचं काम आठ दिवस आधी उरका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. आज तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात आणि अँजिओप्लास्टी (हृदयाची अडलेली रक्तवाहिनी आतून फुग्यानं उघडणं), बायपास (अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देणं), हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ही त्यातली मोठी कामं. आधार आणि रेशनकार्ड दोन्ही मूळ प्रती न्या, झेरॉक्स वेगळ्या. दोन्हीवरचं नाव जुळतंय का हे घरीच बघा. एकीकडं 'सखुबाई' आणि दुसरीकडं 'सुशीला' असेल तर ऐन वेळी धावपळ होते. आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. पेशंटला बाकावर बसवून एकानं आधी त्याच्याकडं जावं आणि कोणता उपचार बसतो, तो इथंच होईल की दुसऱ्या रुग्णालयात पाठवतील, हे विचारून घ्यावं. तातडीची वेळ असेल तर मात्र कागदांसाठी थांबू नका. उपचार सुरू करून कागद मागून देता येतात.

सोबत दोन माणसं हवीत. एकानं पेशंटजवळून हलायचं नाही, दुसऱ्यानं केसपेपर, रक्ताची बाटली, रिपोर्ट यांच्यामागं फिरायचं. पाचवं-सहावं माणूस नको. गावाकडं आजारी माणसामागं जीप भरून जायची आपली रीत आहे, तिच्यात माया आहे हे मला मान्य आहे, पण वॉर्डात त्यानं सिस्टरना आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला त्रास होतो. पिशवीत पाण्याची बाटली, एक चादर, सुटे पैसे, चार्जर आणि पेन घाला. पेन विसरू नका, कुठला तरी फॉर्म भरायचा असतोच.

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास काही खायचं नाही, पाणी चालतं. चहासुद्धा नको. बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्यायची की नाही हे आदल्या खेपेला विचारून ठेवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन निघू नका. रांगेत उभं असताना साखर उतरून माणूस खाली बसलेला मी बघितलाय. चपाती-भाजीचा डबा बरोबर ठेवा, रक्त दिलं की तिथंच खायला द्या आणि मग गोळी.

बीपीची वही आठवडाभर आधी सुरू करा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दोन वेळा. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पायावर पाय टाकायचा नाही, हात छातीच्या उंचीला टेकवायचा. एसटीतून उतरून जिना चढून लगेच मोजलेलं बीपी वाढलेलंच येणार. घरचं यंत्र असेल तर एकदा बरोबर नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून बघा.

कपड्यांचाही विचार करा. ईसीजी आणि टू-डी इकोला (हृदयाची सोनोग्राफी) छाती उघडी करावी लागते, म्हणून बायकांनी पुढून बटणं असलेला ब्लाऊज किंवा गाऊन घालावा. पडदा लावायला सांगा, सोबतच्या बाईला आत येऊ द्या म्हणून सांगा. हे मागण्यात संकोच कसला? पट्ट्यावर चालायची तपासणी असेल तर पायात घट्ट बसणारे बूट हवेत, साडीत ती जमत नाही. सोनं घरी ठेवून जा.

अँजिओग्राफी, म्हणजे नळीतून औषध सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायची तपासणी, आता बहुतेक वेळा मनगटातून करतात, जास्त करून उजव्या. म्हणून बांगड्या आणि अंगठ्या घरीच उतरवा. आमच्या चुलतीच्या हातातला हिरवा चुडा बारा वर्षांत निघाला नव्हता. तपासणीच्या खोलीच्या दारात तो फोडायची वेळ आली तेव्हा ती रडायला लागली, "आवं, सवाष्ण बाईचा चुडा आसा फोडत्यात व्हय?" आणि सगळ्यांचाच जीव खालीवर झाला. आदल्या रात्री हात साबणाच्या पाण्यात बुडवून, देवासमोर बसून सावकाश काढला असता तर तिला एवढं लागलं नसतं. म्हणून मी आता ही गोष्ट प्रत्येक बाईला आधी सांगते.

अँजिओग्राफीच्या आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, रक्ताचा रिपोर्ट लागतो, कारण आत सोडायचं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचा जुना त्रास असेल, पूर्वी स्कॅनच्या वेळी अंगावर पुरळ उठलं असेल, साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल किंवा रक्त पातळ व्हायची गोळी असेल तर स्वतःहून सांगा. कोणती गोळी कधी बंद करायची हे त्यांनी सांगायचं, आपण ठरवायचं नाही. संमतीपत्रावर सही करणारं माणूस त्या दिवशी हजर हवं आणि सही करायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे: अडथळा सापडला तर लगेच स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालणार का, आणि गोळ्यांवर भागत असेल तर काय? विचारलेलं डॉक्टरांना आवडत नाही असं आपण उगीच धरून चालतो. मला तरी दर वेळी उत्तर मिळालंय.

डॉक्टरांसमोर बसल्यावर "गॅस होतोय" असं निदान आपणच करून सांगू नका. काय होतं ते सांगा. बांध चढताना छातीवर दगड ठेवल्यागत होतं का, दोन मिनिटं उभं राहिलं की कमी होतं का, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जातं का, घाम येतो का. आण्णा औषध मारायचा पंप पाठीवर घेऊन द्राक्षाच्या दोन ओळी झाल्या की थांबायचे. आम्हाला वाटायचं वय झालं. त्यांना विचारलं तर "फळछाटणी उरकू दे, मग जाऊ", छाटणी उरकली तर "माल उतरू दे". असं करत दोन हंगाम गेले. बायकांचं तर आणखी अवघड. त्यांना कित्येकदा छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, पाठ भरून येते, मळमळतं, अंगात त्राण राहत नाही. साखरेच्या पेशंटलाही झटका न दुखता येऊ शकतो. आईनं "कसं तरीच होतंय" एवढंच म्हटलं होतं.

आता झटका येईल त्या रात्रीची तयारी, जी कुणी करत नाही. दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहा. हाताशी कागद नसेल तर हातावर लिहा. आण्णा पहाटे चारला उठले, पित्त समजून सोडा प्यायले आणि पडून राहिले. दवाखान्यात पोचल्यावर वेळ विचारली तर भाऊ म्हणाला पाच, आई म्हणाली तीन, मी म्हणाले सहा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या बारा तासांत देतात आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा जो उपयोग होतो तो नंतर तेवढा राहत नाही. ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का हे सांगणारी) रक्ततपासणीसुद्धा सुरुवातीच्या काही तासांत नॉर्मल येऊ शकते, पहिला ईसीजीही. म्हणून "नॉर्मल आहे, पण थांबा, परत काढू" म्हणाले तर थांबा, पेशंटला उचलून घरी आणू नका.

रुग्णवाहिकेचा १०८ नंबर लहान पोरांनाही पाठ हवा. पेशंटला चालवायचं नाही, जिना उतरवायचा नाही, मोटारसायकलवर मध्ये बसवून तर मुळीच न्यायचं नाही. सांगली पंचवीसेक किलोमीटरवर आहे म्हणून थेट तिकडं सुटण्यापेक्षा ईसीजी निघेल असा सगळ्यात जवळचा सरकारी दवाखाना कुठला, तो रात्री उघडा असतो का, हे आजच बघून ठेवा. अ‍ॅस्पिरिनची ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळी घरात ठेवायची का आणि कुणाला द्यायची, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. ती गिळायची नसते, चावायची असते. अल्सरचा रक्तस्राव किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला ती चालत नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी (रक्तवाहिन्या सैल करणारी) शेजाऱ्याची आणून देऊ नका, बीपी आधीच उतरलेलं असेल तर माणूस कोसळतो. आणि माणूस बेशुद्ध पडला, श्वास थांबला किंवा नुसता आचके देत असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत. हे शिकवायला कुणी गावात आलं तर शेतातलं काम टाकून जा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर उपकेंद्रात मोफत बघतात. आशाताई फॉर्म घेऊन दारात येते तेव्हा "मला काय झालंय?" म्हणून तिला परत पाठवू नका. मीठ दिवसाला सगळं मिळून चहाच्या चमच्याएवढं, त्यात लोणचं, पापड, खर्डा आणि भडंगही आलं. तंबाखूबद्दल वेगळं काय सांगू, फक्त मिश्री हीसुद्धा तंबाखूच, ती दाताला लावली तरी रक्तात जाते.

घरी आल्यावरची तयारी सगळ्यात लांब चालते. स्टेंट घातल्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर असतात. बरं वाटायला लागलं म्हणून, किंवा दात काढायचा म्हणून दंतवैद्याच्या सांगण्यावरून, त्या परस्पर बंद करायच्या नाहीत. स्टेंट आतून बंद पडू शकतो. दातवाल्यांना स्टेंटचं कार्ड दाखवा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारून या. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी पुढची खेप ठरवा, दिवाळीच्या सुट्या आणि छाटणीचे दिवस त्यात धरून. आण्णांच्या फायलीच्या आतल्या बाजूला मी पुढची तारीख लिहिते आणि तीच तारीख दिनदर्शिकेवर भाऊ लाल पेनानं गोल करतो. फाईल, पाकिटांची पिशवी आणि ईसीजीच्या झेरॉक्स दाराजवळच्या खुंटीला असतात, अंधारातही हात जाईल अशा उंचीवर.