मसावि काढायला नुसती वजाबाकी पुरते
मसावि, म्हणजे महत्तम साधारण विभाजक, दोन्ही संख्यांना पुरता भाग घालणारी सगळ्यात मोठी संख्या. ती काढायला लेकरू विभाजकांच्या लांबलचक याद्या लिहीत बसलं असंल तर थांबवा त्याला. समजा मोंढ्यावर न्यायला 84 किलो तूर अन 60 किलो मूग आहे, सारख्या वजनाच्या पिशव्या भरायच्यात, शिल्लक काही ठेवायचं नाही, तर पिशवी जास्तीत जास्त केवढी? 84 मधून 60 गेले 24, 60 मधून 24 दोनदा गेले 12, अन 24 मधून 12 दोनदा गेले की शून्य, झालं, 12 किलो, हाच मसावि. लसावि, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, दोन्ही संख्यांनी पुरता भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या, ती तर फुकटातच मिळते, 84 ला 12 नं भागा, 7 आले, त्याला 60 नं गुणा, 420. ही लसाविची युक्ती दोनच संख्यांना चालते बरं का, तिसरी आली की आधी दोघींचा लसावि काढा, मग त्याचा तिसरीसोबत. अन 'लघुतम' असून लसाविच मोठा कसा, यावरून आमच्या घरी रोज भांडण.