तांपेरेचा 'आमुलेह्ती' पेपर घरबसल्या कसा वाचायचा (फिनिश येत नसलं तरी)

फिनिश येत नाही म्हणून फिनलंडचे पेपर आपल्यासाठी बंदच असं समजून बसू नका, ट्रान्सलेटर आणि थोडा पेशन्स असला तर मस्त जमतं. आणि सुरुवात राजधानीच्या पेपरपासून करू नका, एखाद्या गावाचा धरा. मी तरी आमुलेह्तीच सुचवेन.

हा तांपेरे शहराचा पेपर, पहिला अंक डिसेंबर १८८१ चा, म्हणजे आपला केसरी सुरू झाला तेच वर्ष. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि शिकल्यासवरलेल्या लोकांचा बराचसा कारभार स्वीडिशमध्ये चालायचा. तांपेरे म्हणजे गिरणगाव, फिनलेसनची कापड गिरणी सगळ्यात मोठी, कामगार फिनिश बोलणारे. अशा गावात आपल्या भाषेत पेपर पाहिजे या जिद्दीतून फिनिशवाद्यांनी तो काढला. सुरुवातीला रोज निघत नव्हता, दैनिक नंतर झाला.

आता जुने अंक बघायचे कसे. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची जुन्या पेपरांची डिजिटल साइट आहे, तिची भाषा इंग्रजी करता येते, तिथे १९३९ पर्यंतचे अंक फुकट बघता येतात. त्यानंतरचे मात्र बरेचसे ठरावीक लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरच. पेपरचं नाव शोधा, वर्ष निवडा, तारीख निवडा, झालं. पहिल्यांदा मार्च १८८२ काढा, कारण १५ मार्चला फिनलेसनच्या गिरणीत विजेचे दिवे लागले, अख्ख्या नॉर्डिक देशांत पहिल्यांदा, आणि पेपर तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

सर्च करताना दोन गोष्टींनी डोकं खाल्लं जातं. एक म्हणजे शब्दाचं रूप बदलतं, आपल्याकडे पुणेचं पुण्यात होतं ना, तसंच तुर्कूचं तुरुस्सा होतं, त्यामुळे पूर्ण शब्द टाकला तर निम्मे रिझल्ट गायब. शेवटची दोनतीन अक्षरं काढून तिथे स्टारचं चिन्ह टाका. दुसरं म्हणजे जुना छापा गॉथिक वळणाचा आहे आणि आजच्या व्हीच्या जागी डब्ल्यू दिसतो, म्हणून दोन्ही स्पेलिंग टाकून बघा. कॉम्प्युटरने त्या छाप्यातून काढलेला मजकूर पण बऱ्याचदा चुकतो, तो तसाच ट्रान्सलेटरमध्ये टाकलात तर काहीच्या काही येईल, आधी पानाच्या फोटोशी ताडून दुरुस्त करा, वेळ लागतो पण इथे शॉर्टकट मारू नका. आणि बातम्यांआधी जाहिराती वाचा. गावात काय विकलं जायचं, कोणाला नोकर हवा होता, बोट कधी सुटायची, हे अग्रलेखात नाही सापडत.

१९१८ ला पोचलात की जरा थांबा. फिनलंडच्या यादवी युद्धात तांपेरे लाल बाजूच्या, म्हणजे समाजवादी कामगारांच्या हातात होतं, तिथे विरोधी बाजूचे पेपर बंद पाडले होते, ६ एप्रिलला पांढऱ्या, म्हणजे सरकारच्या बाजूच्या सैन्याने शहर घेतलं. आमुलेह्ती पांढऱ्यांच्या बाजूचा, त्यामुळे एकट्यावर विसंबू नका, तांपेरेचाच कामगारांचा पेपर 'कान्सान लेह्ती' पण शेजारी उघडा. आमुलेह्ती पुढेही कित्येक दशकं उजव्या कोकोमुस पक्षाशी बांधलेला होता, १९९२ मध्ये ते नातं सोडलं, तोवरचे अग्रलेख वाचताना हे डोक्यात ठेवायचंच.

वाचक किती हे बघताना खप आणि वाचकसंख्या यांची गल्लत होते. खप म्हणजे किती प्रती गेल्या, आणि घरात एक प्रत चौघं वाचतात म्हणून वाचकांचा आकडा वेगळा, तो सर्व्हे करून काढतात. २००० च्या दशकात याचा खप १ लाख ३० हजारांच्या पुढे होता, हेलसिंगिन सानोमाट हा देशातला सगळ्यात मोठा सोडला तर आठवड्याचे सातही दिवस निघणाऱ्यांत याचाच नंबर. स्टॉलवरून घेण्यापेक्षा वर्गणी भरून पहाटे घरी येणारा पेपर, तिकडे हीच पद्धत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात तोच येत राहिला. २०१४ ला आकार टॅब्लॉइड झाला, २०२० ला सानोमा कंपनीने घेतला, म्हणजे आता तो आणि हेलसिंगिन सानोमाट एकाच मालकाचे. जुना आणि नवा खप शेजारी ठेवून पेपर बुडाला म्हणू नका, कागद कमी झाला तरी डिजिटल वर्गणीदार वेगळे मोजायला लागतात.

आजच्या साइटवर बऱ्याच बातम्या वर्गणीशिवाय उघडत नाहीत, पण हेडलाइन दिसतात, रोज पाचसहा ट्रान्सलेट करत गेलात तर महिन्याभरात ट्राम, आइस हॉकी आणि महापालिकेचं बजेट हे शब्द आपोआप ओळखू यायला लागतील.