लेजरवर इथेरियमचा व्यवहार सही करून घेताना

हार्डवेअर वॉलेट (खाजगी की आत ठेवून तिथेच सही करणारं, लेजरसारखं छोटं डिव्हाइस) जोडलं की झालं, असं म्हणणाऱ्यांना मी 21 फेब्रुवारी 2025 ची आठवण करून देतो. बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, तेव्हा सही करणाऱ्यांच्या हातात हार्डवेअर वॉलेटच होती. फेरफार झाला होता सेफ या अनेक सह्यांच्या वॉलेटच्या वेबपानातल्या जावास्क्रिप्टमध्ये. ब्राउझरमध्ये दिसत होता नेहमीचा व्यवहार, सहीला गेला भलताच. ब्राउझरमधला हा कोडचा थर आपणच लिहितो. म्हणून माझा कोड मी एकाच हिशेबाने लिहितो: जे काही सही होणार, ते डिव्हाइसच्या पडद्यावर माणसाला वाचता आलं पाहिजे.

लागणारं सामान थोडं आहे. लेजरची वेबएचआयडी ट्रान्सपोर्ट (ब्राउझरमधून डिव्हाइसशी बोलण्यासाठी) आणि एचडब्ल्यू-ॲप-इथ (त्यावरच्या इथेरियम ॲपसाठी) ही पॅकेजेस, आणि ईथर्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीची 6वी आवृत्ती. आवृत्त्या लॉकफाइलमध्ये पक्क्या करा; डिसेंबर 2023 मध्ये लेजरच्याच कनेक्ट किट या लायब्ररीची एनपीएमवरची आवृत्ती हल्लेखोरांनी बदलली होती. ब्राउझर क्रोम किंवा एज. फायरफॉक्स, सफारीत वेबएचआयडी नाही. पान एचटीटीपीएसवर नाहीतर लोकलहोस्टवर हवं.

पहिली जोडणी बटणाच्या क्लिकमध्येच करा. रिॲक्टच्या यूजइफेक्टमधून करायला गेलात, तर ब्राउझर परवानगीची खिडकीच उघडत नाही. डिव्हाइसवर इथेरियम ॲप उघडं ठेवा, लेजरचं डेस्कटॉप ॲप बंद ठेवा. मग 44'/60'/0'/0/0 या पाथने (वॉलेटमधलं कोणतं खातं ते सांगणाऱ्या मार्गाने) पत्ता मागा आणि 'डिस्प्ले' पर्याय ट्रू द्या, म्हणजे तोच पत्ता डिव्हाइसवरही दिसतो. दोन्ही जुळले तरच पुढे.

व्यवहार टाइप 2 चा बांधा: चेन आयडी (कोणतं नेटवर्क), नॉन्स (खात्याच्या व्यवहाराचा क्रमांक), कुणाला, किती, गॅस (व्यवहाराची फी). रक्कम पार्सइथरने बिगइंटमध्येच घ्या. 0.01 इथर म्हणजे 10,000,000,000,000,000 वेई (इथरचं सर्वात लहान एकक), आणि जावास्क्रिप्टचा साधा नंबर 9,007,199,254,740,991 पर्यंतच भरवशाचा.

गॅसचा हिशेब इथे जरा वेगळा करावा लागतो. आमच्या अकाउंट्सच्या ताई ड्रॉवरमधून डिव्हाइस काढतात, पिन टाकतात, चष्मा लावून पत्ता अक्षर न् अक्षर वाचतात. वाचायलाच हवा, घाई करायला मी सांगणार नाही. पण ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, येतो दर 12 सेकंदांनी आणि ब्लॉक भरलेले असले तर बेस फी (नेटवर्क ठरवतं ती किमान फी) प्रत्येक ब्लॉकला 12.5 टक्क्यांपर्यंत चढते. पाच ब्लॉकांत, म्हणजे मिनिटभरात, ती 1.8 पट होऊ शकते. म्हणून मॅक्सफी (जास्तीत जास्त द्यायची फी) मी बेस फीच्या दुप्पट अधिक टिप (ब्लॉक बनवणाऱ्याला द्यायची वरची रक्कम) अशी ठेवतो. उरलेलं कापलं जात नाही.

आता सही. ईथर्सच्या व्यवहाराचं अनसाइन्डसिरिअलाइज्ड घ्या, सुरुवातीचं शून्य-एक्स काढा आणि ते आधी लेजर सर्व्हिसच्या रिझॉल्व्हट्रान्झॅक्शनला द्या. ही पायरी बरेच जण गाळतात. पण टोकनचं नाव, दशांश स्थळं ही माहिती डिव्हाइसला तिथूनच मिळते, आणि मग पडद्यावर टोकनची रक्कम नीट दिसते. अनोळखी कॉन्ट्रॅक्टचा डेटा आला, तर डिव्हाइस ब्लाइंड सायनिंग, म्हणजे तपशील न वाचताच सही, चालू करायला सांगतं. सेटिंग चालू करून मोकळं व्हायचा मोह होतो. मी आमच्या टूलमध्ये तसा व्यवहार सरळ अडवतो.

साइनट्रान्झॅक्शनकडून आर, एस, व्ही हे सहीचे तीन भाग येतात, तेही शून्य-एक्सशिवाय. ते जोडून सिग्नेचर व्यवहारावर चढवा, मग व्यवहाराचा 'फ्रॉम' आधी वाचलेल्या पत्त्याशी ताडून पाहा. वेगळा निघाला तर पाथ नाहीतर हेक्स चुकलंय. जुळला की ब्रॉडकास्टट्रान्झॅक्शनने नेटवर्कवर पाठवा.

एरर कोडचं भाषांतर वापरणाऱ्यासाठी करून ठेवा. हेक्समधलं 6985 म्हणजे माणसाने नकार दिला. इथे आपोआप पुन्हा सही मागू नका, नकार हा नकार असतो. 5515 म्हणजे डिव्हाइस लॉक आहे. आणि दोन्ही वेळी ट्रान्सपोर्ट फायनली ब्लॉकमध्ये बंद करा, नाहीतर दुसऱ्या टॅबला डिव्हाइस मिळत नाही. सगळं आधी सेपोलिया या चाचणी नेटवर्कवर चालवा, चेन आयडी 11155111.