वेब मॅपला पीडीएफचं बटण लावताय? आधी कागद ठरवा

वेब मॅप बनवून दिला की पुढच्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, "याची प्रिंट कशी काढायची?" आणि आपण बिनधास्त सांगतो, त्यात काय, कंट्रोल पी दाबा. मग जी प्रिंट येते ती बघवत नाही, झूमची बटणं कागदावर, मॅप अर्धा कापलेला, खाली नुसती पांढरी जागा. म्हणून कोडला हात लावायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या: कागद कुठला आणि स्केल अचूक हवं की नुसतं "कुठे काय आहे" एवढं दिसलं तरी चालेल.

एवढंच चालणार असेल तर लायब्ररी वगैरे काही लागत नाही. सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते ठरवणारा कोड) प्रिंटसाठी वेगळा मीडिया ब्लॉक टाका, बटणं आणि साइडबार लपवा, पेजचा साइज ए४ लँडस्केप करा, मॅपच्या डिव्हला रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये द्या. मॅप लीफलेट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत बनवला असेल तर साइज बदलल्यावर इनव्हॅलिडेटसाइज कॉल करायचं, टाइलच्या (मॅपचे चौकोनी चित्र-तुकडे) लेयरचा लोड इव्हेंट येईपर्यंत थांबायचं आणि मगच विंडो डॉट प्रिंट, नाहीतर करड्या चौकोनांची प्रिंट मिळते. आणि लेजंड, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणारी यादी! माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये लेजंडची नावं सगळी होती पण पुढचे रंगाचे चौकोन सगळे कोरे, कारण ब्राउझर शाई वाचवायला बॅकग्राउंड रंग छापतच नाही. प्रिंट-कलर-अ‍ॅडजस्टला एक्झॅक्ट दिलं की येतात.

स्केल हवं असेल तर मात्र कॅनव्हास (ब्राउझरमधली चित्र काढायची जागा) आणि जेएसपीडीएफ (पीडीएफ बनवणारी लायब्ररी). हिशोब सरळ आहे, मिलिमीटर गुणिले डीपीआय (एका इंचात किती ठिपके) भागिले २५.४. ए४ आडवा म्हणजे २९७ बाय २१० मिमी, १५० डीपीआयला तो होतो १७५४ बाय १२४० पिक्सेल आणि ३०० ला ३५०८ बाय २४८०. ओपनलेयर्स या दुसऱ्या मॅप लायब्ररीत मॅपचा साइज तात्पुरता एवढा करायचा, रेझोल्यूशन (एका पिक्सेलमागे मॅपचे किती मीटर) सेट करायचं, रेंडरकम्प्लीट इव्हेंट आला की सगळ्या लेयरचे कॅनव्हास एकावर एक काढून एक इमेज करायची आणि ती जेएसपीडीएफच्या अ‍ॅडइमेजला द्यायची. झालं की जुना साइज आणि जुनं रेझोल्यूशन परत लावायला विसरू नका, नाहीतर युजरचा मॅप स्क्रीनबाहेर पसरलेला राहतो. आणि प्रिंट चालू असताना बटण डिसेबल करा, लोक दोनदा दाबतात.

रेझोल्यूशन काढताना एक खड्डा आहे. १:१०,००० स्केलला ३०० डीपीआयचा एक पिक्सेल जमिनीवर साधारण ०.८५ मीटर होतो, पण वेब मर्केटरमध्ये (गोल पृथ्वी सपाट करायची वेब मॅपची नेहमीची पद्धत) विषुववृत्तापासून लांब गेलं की अंतरं ताणली जातात, ६० अंश अक्षांशावर तर थेट दुप्पट. म्हणून त्या आकड्याला अक्षांशाच्या कोसाइनने भागा किंवा ओपनलेयर्सचं गेटपॉइंटरेझोल्यूशन वापरा. हे केलं नाही तर कागदावर स्केल लिहिलेलं असतं एक आणि असतं भलतंच.

दुसरा खड्डा अक्षरांचा. डीपीआय वाढवला की क्वालिटी वाढते असं सगळ्यांना वाटतं पण टाइलमध्ये आधीच छापलेलं १२ पिक्सेलचं नाव ३०० डीपीआयला कागदावर जेमतेम १ मिमी उंच येतं, भिंगच घेऊन बसावं लागेल. रास्टर (तयार चित्रांच्या) टाइल असतील तर मी १५० च्या वर जात नाही, किंवा मग दुप्पट पिक्सेलच्या टाइल घेतो. आपले स्वतःचे वेक्टर (बिंदू-रेषांचे) लेयर असतील तर फॉन्ट आणि रेषांची जाडी डीपीआय भागिले ९६ ने गुणायची. जिओसर्व्हरचा डब्ल्यूएमएस (सर्व्हरवरच मॅपचं चित्र बनवून देणारी सेवा) असेल तर फॉरमॅट ऑप्शन्समध्ये डीपीआय पाठवता येतो, तो स्वतःच सगळं मोठं करून देतो.

सगळं बरोबर करूनही टूडेटायूआरएलला (कॅनव्हासमधून इमेज काढणारा कॉल) सिक्युरिटी एरर आली तर ती सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या डोमेनचा डेटा वापरायच्या परवानगीची. टाइल दुसऱ्या डोमेनवरून येत असल्या की कॅनव्हास "टेंटेड" होतो, दिसतो व्यवस्थित पण बाहेर काढता येत नाही. सोर्सला क्रॉसओरिजिन अ‍ॅनॉनिमस द्या, पण समोरच्या सर्व्हरनेही परवानगीचा हेडर पाठवला पाहिजे, तो नसेल तर आपल्या सर्व्हरवर प्रॉक्सी (टाइल आपल्या डोमेनमार्फत आणून देणारा मध्यस्थ) लावणे आलं. मॅपलिबरे या आणखी एका मॅप लायब्ररीत एरर नाही पण पान कोरं येतंय? प्रिझर्व्हड्रॉइंगबफर ट्रू करून बघा.

मराठी टायटल टाकणार असाल तर जेएसपीडीएफचे ठरलेले फॉन्ट देवनागरी दाखवतच नाहीत आणि वेगळा फॉन्ट जोडला तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. यावर माझा गावठी पण चालणारा उपाय म्हणजे टायटल आणि लेजंडसुद्धा कॅनव्हासवरच काढायचं, तिथे ब्राउझर अक्षरं नीट जोडतो. टेक्स्ट सिलेक्ट होत नाही, पण मॅपच्या टायटलमधून कोण कॉपी करतंय.

ए३ ३०० डीपीआयला हवा असेल किंवा एकदम पन्नास पानं हवी असतील तर ब्राउझरचा नाद सोडा. आयफोनच्या सफारीत कॅनव्हासला बरीच वर्षं १,६७,७७,२१६ पिक्सेलची मर्यादा होती आणि ए३ त्याच्या पुढे जातो. हे काम सर्व्हरचं. मॅपफिश प्रिंट या सर्व्हरवरच्या प्रोग्रामला लेयर, सेंटर, स्केल आणि डीपीआय जेसनमध्ये पाठवले की टेम्प्लेटप्रमाणे पीडीएफ येते. क्यूजीआयएस (मॅप बनवायचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर) चा सर्व्हर आधीच चालू असेल तर त्याहून सोपं, लेआउट क्यूजीआयएसमध्येच बनवा आणि गेटप्रिंट रिक्वेस्ट मारा. फक्त ओपनस्ट्रीटमॅपच्या फुकटच्या टाइल सर्व्हरवरून असे ढीगभर टाइल ओढू नका, त्यांच्या नियमात ते बसत नाही. आणि त्यांचं श्रेय कागदावरही छापायला लागतं, स्क्रीनवरचा कोपऱ्यातला कंट्रोल कॅनव्हासमध्ये आपोआप येत नाही, तो मजकूर हाताने टाका.

स्केल नुसतं आकड्यात लिहू नका, स्केलबारही काढा, कारण युजर प्रिंट करताना "फिट टू पेज" ठेवतो आणि आकडा खोटा पडतो, बार मात्र मॅपबरोबरच लहान होतो. टेस्टिंगला १:१०,००० ची एक पीडीएफ १०० टक्के साइजला छापा आणि ५०० मीटरच्या बारला पट्टी लावा, बरोबर ५ सेमी भरला पाहिजे.