बेळगावहून परदेशी निघताय? प्रवासाच्या वेळेच्या हिशोबात या चुका टाळा

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास. भागाकार केला की आठ तास येतात, आणि लंडनच्या लेकीला तसं कळवूनही टाकलं जातं. पण हे अंतर सरळ रेषेचं असतं. धावपट्टीपर्यंत रांगणं, चढ-उतार, वळसे, सगळं वर येतं. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. म्हणून जाताना दहा तासांच्या घरात लागतात, येताना नऊच्या. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडला. किलोमीटर बघून वेळ ठरवू नका, तिकिटावरची बघा.

तिथेही एक गंमत आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ इथली असते, पोचण्याची तिथली. दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६.३० ला लंडन, म्हणजे साडेपाच तास नव्हेत. उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे, म्हणून प्रवास दहा तासांचा. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासांचा होतो, कारण ब्रिटनची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात.

सगळ्यात महागात पडते ती मध्यरात्रीची तारीख. समजा, तिकिटावर लिहिलंय १५ तारीख, ०१.२०. म्हणजे १४ च्या रात्री दहाच्या सुमारास मुंबई विमानतळावर हजर हवं. बेळगावहून रात्रीची बस धरणार असाल तर ती १३ च्या रात्रीची! १४ ला रात्री जेवूनखाऊन खानापूर-निपाणीकडून निघालेला माणूस पुण्याच्याही अलीकडे असताना विमान उडालेलं असतं. तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर आधी घरातून निघायची तारीख लिहा.

गोव्याहून जाणाऱ्यांनी तिकिटावरचा कोड वाचावा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्ही गोव्यातच, पण एक वास्कोकडे आणि दुसरा पेडण्यात. पावसाळ्यात चोर्ला घाटाला हातचे दोन तास राखूनच निघा.

सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ, ते मुंबई वेगळं तिकीट आणि पुढचं वेगळं, हे स्वस्त दिसतं खरं. पण मुंबईत सामान उतरवून पुन्हा द्यावं लागतं, टर्मिनलही बदलू शकतं. पहिलं विमान रखडलं तर पुढची कंपनी थांबत नाही आणि सहसा पैसेही परत देत नाही. सांबऱ्याहून विमानं मोजकीच. माझं मत विचाराल तर ज्येष्ठांसाठी सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या, नाहीतर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

अमेरिकेत सहसा पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. पुढे आतलं विमान असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा.

परतीच्या तिकिटात उतरण्याच्या वेळेपुढे +१ असेल, तर न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला दुसऱ्या दिवसाची तारीख सांगा, वारासकट.