दुकानातलं कोरल घरच्या ब्राउझरमध्ये कसं उघडायचं

लग्नसराईत रात्री साडेनऊला फोन येतो, "दादा, पत्रिकेच्या किलबिलमध्ये आमच्या पिंकीचं नाव राहिलं की हो! सकाळी छापायला जाणारंय ना?" मी जिंतूरला घरी, फाईल परभणीच्या आमच्या छपाईच्या दुकानात, कोरलमध्ये, म्हणजे पत्रिका मांडायच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये. मध्ये 40 किलोमीटरच्या आसपास रस्ता.

फाईल पेनड्राईव्हवर घरी आणून भागत नाही. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट चालतात. ते फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली, की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. शिवाय आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही, आणि डोंगल एकच. म्हणून मशीन, फॉन्ट, डोंगल सगळं दुकानातच राहू द्यायचं आणि घरी फक्त स्क्रीन आणायची. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या आडत दुकानदारालाही हीच युक्ती चालते.

कोरल चालतं दुकानातल्याच मशीनवर. तिथल्या स्क्रीनचं चित्र इंटरनेटवरून तुमच्या ब्राउझरमध्ये येतं, तुमच्या माऊसच्या आणि कीबोर्डच्या हालचाली उलट तिकडे जातात. त्यामुळे घरचा लॅपटॉप जुना असला तरी चालतो. दुकानातल्या इंटरनेटचा अपलोडचा वेग मात्र बरा हवा, कारण चित्र तिथून निघतं.

त्यासाठी मी गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरतो. ते फुकट आहे, आणि विंडोज होमवरही, म्हणजे विंडोजच्या साध्या घरगुती आवृत्तीवरही, चालतं. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप होमवाल्या मशीनमध्ये बाहेरून शिरू देत नाही, आणि छोट्या दुकानांत बहुतेक होमच असतं.

आधी दुकानातल्या मशीनवर बसा. क्रोम उघडून स्वतःच्या गूगल खात्यानं लॉगिन करा. खातं तुमचंच हवं, कामावरच्या पोरांनाही माहीत असलेलं नको. त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) आत्ताच लावून घ्या, कारण यापुढे ते खातं म्हणजे दुकानाची किल्ली आहे. मग पत्ता टाका : रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम. तिथं 'अ‍ॅक्सेस माय कॉम्प्युटर' निवडा. 'सेट अप रिमोट अ‍ॅक्सेस'च्या चौकटीतल्या खाली बाण असलेल्या बटणावर क्लिक केलं की फाईल उतरते, ती इन्स्टॉल करा. मशीनला नाव द्या आणि किमान 6 आकड्यांचा पिन ठरवा. दुकानाच्या पाटीवरच्या मोबाईल नंबरातले आकडे पिनला अजिबात घेऊ नका.

घरी येऊन त्याच खात्यानं तोच पत्ता उघडा, मशीनच्या नावावर क्लिक करा, पिन टाका. दुकानातली स्क्रीन समोर! कोरल उघडा आणि कामाला लागा.

खरी अडचण असते लाईटची. दुसऱ्याच आठवड्यात रात्री लाईट गेली, मशीन बंद पडलं, लाईट परत आली तरी ते बंदच. पहाटे पहिल्या एसटीनं परभणी गाठावी लागली. तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन' करायचा, म्हणजे लाईट आल्याबरोबर मशीन आपोआप सुरू होतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करायचं. मशीन नुसतं लॉगिनच्या पानावर येऊन थांबलं तरी घरून जोडता येतं, विंडोजचा पासवर्ड तिथं टाकायचा. राऊटरलाही यूपीएसवर घ्या.

मराठी टाईप करताना घरच्या लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा. मराठी तिकडचं सॉफ्टवेअर उमटवतं. दोन्हीकडे मराठी लावलं की अक्षरं बिघडतात. आणि प्रिंट दिली तर कागद दुकानातल्या प्रिंटरमधून निघतो! ग्राहकाला दाखवायला पीडीएफ करा, मग स्क्रीनच्या कडेला असलेल्या बाणावर क्लिक करून 'डाउनलोड फाईल'नं ती घरी उतरवा आणि व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा. पिंकीचं नाव असंच दहा मिनिटांत बसलं.

तुम्ही घरून काम करताना दुकानातल्या मॉनिटरवर सगळं दिसत असतं, म्हणून दिवसा बँकेचं काही उघडू नका. काम झालं की विंडोज लॉक करूनच बाहेर पडा.

त्याच पानावर 'शेअर माय स्क्रीन'ही आहे. त्यातून 12 आकडी कोड मिळतो आणि तो सांगितला की समोरचा तुमच्या मशीनमध्ये शिरू शकतो. बँकेतून किंवा कंपनीतून बोलतोय म्हणत कुणी हा कोड मागितला, तर सरळ फोन ठेवा. हा कोड ओळखीच्या दुरुस्तीवाल्यालाच द्यायचा, तोही तुम्ही स्वतः फोन लावलेला असेल तर.

एकाहून जास्त माणसांना वेगवेगळं काम करायचं असेल तर दूरचं मशीन ब्राउझरमधून वापरायची अपाची ग्वाकामोली किंवा एक्सप्रासारखी साधनं आहेत, पण त्यांना सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. राऊटरचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून विंडोजचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर सोडायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. असे उघडे पोर्ट शोधत चोर रात्रंदिवस फिरत असतात.

घरचा लॅपटॉप हरवला तर मोबाईलवरून गूगल खात्याचा पासवर्ड बदला, हरवलेलं यंत्र खात्यातून साईन आउट करा आणि दुकानात गेल्यावर पिन नवा ठेवा.